दोन बाटल्यांची गोष्ट

गोवर, गालगुंड आणि रुबेला या तीन रोगांवरची एकत्रित लस आरोग्यकेंद्रात येते तेव्हा ती द्रवरूप नसते. छोट्या बाटलीच्या तळाशी चिकटलेली कोरडी पूड असते ती. जिवंत पण दुबळे केलेले विषाणू ओलाव्यात फार काळ टिकत नाहीत, म्हणून ते गोठवून सुकवलेले असतात. टोचण्याआधी त्यात निर्जंतुक पाणी घालायचे, हलवायचे आणि ठरलेल्या वेळात वापरून टाकायचे. हे पाणी वेगळ्या बाटलीत येते. ती बाटलीही छोटीच असते, काचेचीच असते आणि आतला द्रव रंगहीन असतो. दवाखान्याच्या शीतकपाटात रंगहीन द्रव असलेल्या छोट्या बाटल्या इतरही पुष्कळ असतात.

६ जुलै २०१८ रोजी सामोआ या देशातील सवाई बेटावर, सफोतु येथील रुग्णालयात, सुमारे वर्ष वयाच्या दोन बालकांना ही लस टोचण्यात आली. दोघेही काही मिनिटांत दगावले. लसीच्या पुडीत पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणारे औषध मिसळले गेले होते. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देताना वापरतात ते हे औषध, आणि त्याची मुदतही संपलेली होती. श्वासाचे स्नायूच सैल पडल्यावर तान्हे मूल किती वेळ तग धरणार?

लसीत दोष नव्हता, पण ही गोष्ट लोकांना स्पष्टपणे कळायला जवळजवळ वर्ष लागले. दोन परिचारिकांवर खटला चालला, त्यांनी २०१९ च्या मध्याला गुन्हा कबूल केला आणि ऑगस्टमध्ये त्यांना पाच-पाच वर्षांची शिक्षा झाली. दरम्यान सरकारने देशभर ही लस थांबवली होती. चौकशी होईपर्यंत लस थांबवणे समजण्यासारखे आहे. कोणत्याही सरकारने तेच केले असते. पण लस थांबली ती सुमारे दहा महिने, आणि या दहा महिन्यांत ‘नेमके काय झाले’ या साध्या प्रश्नाला अधिकृत उत्तर फारसे नव्हते. उत्तर नसलेल्या प्रश्नाला उत्तरे देणारे पुष्कळ भेटतात. सामोआत ती फेसबुकवर भेटली.

येथे सामोआविषयी थोडे सांगितले पाहिजे. प्रशांत महासागरातल्या या बेटांवर सुमारे दोन लाख माणसे राहतात, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराइतकी. पण न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत स्थायिक झालेले सामोअन लोक पुष्कळ आहेत आणि प्रत्येक घराचे कोणी ना कोणी परदेशात आहे. या पसरलेल्या कुटुंबांना जोडणारा धागा म्हणजे फेसबुक. आपल्याकडे घराघराचे व्हॉट्सॲप गट असतात, साताऱ्यातली आजी, पुण्यातली सून आणि दुबईतला नातू एकाच गटात, तसेच काहीसे. अशा धाग्यावरून येणाऱ्या मजकुरावर पाठवणाऱ्या मावशीचे नाव असते. मूळ लिहिणारा कोण, हे वाचणारा पाहत नाही. मावशीने पाठवले आहे, एवढे त्याला पुरते.

अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील लसविरोधी प्रचारकांना त्या दोन बालकांच्या मृत्यूत हवा तो पुरावा सापडला. लस मारते, सरकार लपवते, हा मजकूर तेथून निघून सामोआतल्या मोबाइलवर येऊ लागला. या चळवळीतले मोठे नाव असलेले रॉबर्ट केनेडी (धाकटे) जून २०१९ मध्ये सामोआला येऊन गेले; पुढे नोव्हेंबरात, साथ भरात असताना, त्यांनी तेथील पंतप्रधानांना पत्र लिहून लसीविषयीच शंका उपस्थित केल्या. (हेच गृहस्थ २०२५ मध्ये अमेरिकेचे आरोग्यमंत्री झाले.) लस पुन्हा सुरू झाली खरी, पण आयांनी मुले आणली नाहीत. २०१८ या वर्षी गोवराच्या लसीचा पहिला डोस मिळालेल्या बालकांचे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले, असा जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा अंदाज आहे.

३१ टक्के म्हणजे किती धोका, हे वर्गात फळ्यावर सहज मांडता येते. कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात गोवराचा एक रोगी सरासरी १२ ते १८ जणांना रोग देतो. यातल्या एकालाच लागण होईल इतके लोक सुरक्षित केले, तर साथ वाढत नाही. बारांपैकी अकरा सुरक्षित हवेत, म्हणजे सुमारे ९२ टक्के. अठरांपैकी सतरा हवेत, म्हणजे ९४ टक्क्यांहून थोडे अधिक. ‘९५ टक्के लसीकरण’ हा आकडा येथून येतो, कोणा अधिकाऱ्याच्या लहरीतून नव्हे. आणखी एक बारकावा असा की गोवराच्या एका डोसाने सुमारे ९३ टक्के मुलांनाच संरक्षण मिळते. सगळ्यांना एक डोस दिला तरी आपण उंबरठ्यावरच राहतो. दुसरा डोस कशासाठी, असे विद्यार्थी विचारतात, त्याचे उत्तर हे आहे.

त्या वर्षी न्यूझीलंडमध्ये, मुख्यतः ऑकलंडमध्ये, गोवराची साथ होती. ऑकलंडहून आपियाला विमाने रोज ये-जा करीत होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये सामोआने साथ जाहीर केली, १५ नोव्हेंबरला आणीबाणी पुकारली, शाळा बंद झाल्या. साथ संपेपर्यंत ५,७०० हून अधिक लोकांना गोवर झाला होता आणि ८३ जण मृत्यू पावले होते. त्यातले बहुतेक पाच वर्षांच्या आतले. दोन लाखांच्या देशात ८३ मृत्यू म्हणजे किती, हे महाराष्ट्राच्या लोकसंख्येशी ताडून पाहावे: त्याच प्रमाणात आपल्याकडे पन्नास हजारांच्या आसपास माणसे गेली असती.

रुग्णालयात मुले उशिरा येत होती, अशी डॉक्टरांची तक्रार होती. काही कुटुंबे आधी गावच्या वैदूकडे जात होती. फेसबुकवर कोणी जीवनसत्त्वांच्या मोठमोठ्या मात्रा सुचवत होते, कोणी पपईच्या पानांचा काढा. यात एक गुंता आहे. गोवर झालेल्या मुलाला डॉक्टरही ‘अ’ जीवनसत्त्व देतात आणि त्याने गुंतागुंत व मृत्यू कमी होतात, हे सिद्ध झालेले आहे. मोबाइलवरचा मजकूर पूर्णतः खोटा असता तर त्याला उत्तर देणे सोपे गेले असते. तो अर्धवट खरा होता, आणि ‘लसीऐवजी’ हा त्यातला एकच शब्द घातक होता.

याच महिन्यांत शेजारच्या टोंगा आणि फिजी या देशांतही गोवर पोचला. टोंगात काहीशे लोकांना रोग झाला, फिजीत थोड्यांना, पण दोन्हीकडे एकही मृत्यू झाला नाही. या देशांत लसीकरण नव्वद टक्क्यांच्या वर होते. विषाणू तोच होता. आणि आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की फेसबुकही तेच होते. टोंगातल्या आईच्या मोबाइलवर लसविरोधी मजकूर येऊ शकत नव्हता असे थोडेच आहे? मग फरक कशाने पडला? सामोआत लसीकरणाचे प्रमाण २०१८ च्या आधीही घसरत होते. त्यात तो अपघात घडला, आणि अपघातानंतर सरकार गप्प राहिले. समाजमाध्यमांनी साथ आणली, हे विधान म्हणूनच आम्हाला अपुरे वाटते. ठिणगी कुठेही पडते, पण पेट घ्यायला गवत वाळलेले असावे लागते.

अशीच एक जुनी गोष्ट आपल्या परळच्या प्रयोगशाळेशी जोडलेली आहे. त्या काळी मोबाइल सोडाच, साधा टेलिफोनही मोजक्या घरांत होता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. सरकारने रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले वाल्देमार हाफकिन यांना मुंबईला पाठवले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली आणि तेथून लाखो मात्रा देशभर जाऊ लागल्या.

मुंबईत त्या दिवसांत अफवांना काय तोटा! आर्थर रोडच्या रुग्णालयात माणसांना उलटे टांगून त्यांच्या अंगातून ‘मोमियाई’ नावाचे तेल काढतात, अशी एक अफवा होती, आणि ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने त्या रुग्णालयावर हल्ला केला होता. आज या अफवेला हसू येते. पण ज्या माणसाच्या घरात शिपाई शिरतात, आजारी बायकोला उचलून नेतात आणि नंतर ती परत येत नाही, त्याला ‘आत काय करतात’ हे सांगणारे कोण होते? पुण्यात याच जुलमाच्या चिडीतून २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. अफवा खोटी होती. तिच्या पोटातला राग खरा होता.

प्लेग पंजाबात पोचला तेव्हा तेथील सरकारने लसीकरणाची फार मोठी मोहीम आखली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल या गावी १०७ जणांना पाच बाटल्यांतून लस टोचण्यात आली. त्यांपैकी एका बाटलीवर ५३-एन असा क्रमांक होता. या बाटलीतून टोचलेल्या एकोणीस जणांना आठवडाभराच्या सुमारास धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली. एकोणीसही जण मेले. इतर चार बाटल्यांतून टोचलेल्या कोणालाही काही झाले नाही.

चौकशी आयोग नेमला गेला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स त्यात होते. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच, दूषित झाली असावी, असा आयोगाचा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पण पुराव्यात एक बारीकशी नोंद होती. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो ज्योतीवर न धरता नुसताच जंतुनाशक द्रावणात हलवून घेतला आणि त्याच चिमट्याने बूच काढले. गावच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, आणि त्यांची बीजे अशा ओझरत्या धुण्याने मरत नाहीत.

रोनाल्ड रॉस, म्हणजे हिवतापाचा डासांशी असलेला संबंध उलगडणारे तेच शास्त्रज्ञ, हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांची तर्करीत विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी आहे. बाटली परळला दूषित झाली असती तर मुल्कोवालला पोचेपर्यंत आतल्या द्रवात जंतू भरपूर वाढले असते. मग त्याला दुर्गंधी आली असती. पण बाटली उघडणाऱ्याने तसे काही नोंदले नव्हते. आत विष आधीच साठलेले असते तर लक्षणे लवकर दिसली असती. ती आठवडाभराने दिसली, म्हणजे जंतू शरीरात शिरून तेथे वाढायला वेळ गेला. दोन्ही गोष्टी जमिनीवर पडलेल्या चिमट्याकडेच बोट दाखवतात. जुलै १९०७ मध्ये रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापून आले आणि हाफकिन दोषमुक्त झाले.

म्हणजे मुल्कोवालला नेमके काय झाले, हे कळायला जवळजवळ पाच वर्षे लागली. या काळात पंजाबात लस घ्यायला लोक पुढे येईनासे झाले आणि १९०७ या एकाच वर्षी त्या प्रांतात सहा लाखांहून अधिक माणसे प्लेगने मेली. इतक्या मृत्यूंचे कारण एकटी ५३-एन बाटली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. उंदीर, पिसवा, धान्याची कोठारे आणि मातीची घरे यांचा वाटा मोठा आहे. पण प्लेगविरुद्ध हाती असलेल्या थोड्या साधनांपैकी एक साधन त्या गावात पडलेल्या चिमट्याने बोथट केले, हेही खरे.

मुल्कोवाल आणि सफोतु यांच्यात ११६ वर्षांचे अंतर आहे, आणि साम्य मात्र अंगावर येणारे आहे. दोन्ही ठिकाणी लस निर्दोष होती, चूक टोचण्याआधीच्या एका क्षणात झाली, आणि खुलासा उशिरा आला. मग समाजमाध्यमांनी बदलले काय?

एक तर वेग. २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ट्विटरवरील सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांच्या प्रसाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २००६ ते २०१७ या काळातल्या या बातम्यांत, पंधराशे लोकांपर्यंत पोचायला खरीला खोटीपेक्षा सुमारे सहापट वेळ लागला होता. आणि हे यंत्रांनी नव्हे, माणसांनीच पुढे ढकलल्यामुळे घडत होते. खोटी बातमी अधिक नवलाची असते, म्हणून माणूस ती पुढे पाठवतो.

पण वेगापेक्षाही दुसरा बदल आम्हाला अधिक मोठा वाटतो. मोमियाईची अफवा उठवणारे आणि ती ऐकणारे एकाच चाळीत राहत होते. प्लेग आला तर दोघांच्याही घरी येणार होता. सामोआतल्या आईला लस नको म्हणून सांगणारा माणूस मात्र हजारो मैलांवर बसलेला होता. त्याच्या गावात गोवर नव्हता आणि त्याचे मूल आजारी पडणार नव्हते. अफवेची किंमत मोजणारा आणि अफवा पाठवणारा यांची अशी फारकत पूर्वी क्वचितच झाली असेल. शिवाय बाजारातली अफवा तोंडातोंडी बदलत जाते, विरत जाते. मोबाइलवरचे चित्र हजाराव्या माणसालाही पहिल्याइतकेच ताजे दिसते, आणि कोणते चित्र आधी दाखवायचे हे ठरवणारे गणित ‘किती जणांनी त्यावर बोट ठेवले’ एवढेच मोजते.

कंपन्यांनी काही उपाय केले. २०१८ मध्ये भारतात जमावाच्या हत्यांनंतर व्हॉट्सॲपने एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा घातली, २०१९ मध्ये ती जगभर लागू केली, आणि एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. फेसबुकने मार्च २०१९ मध्ये लसविरोधी मजकूर मागे ढकलण्याची घोषणा केली. सामोआतली साथ त्यानंतर सात महिन्यांनी आली.

ती आटोक्यात कशी आली? ५ आणि ६ डिसेंबर २०१९ रोजी सारा देश बंद ठेवण्यात आला. सरकारी कर्मचारी लसीकरणाच्या कामाला लावले. ज्या घरात लस न घेतलेले कोणी असेल त्या घराने दाराशी लाल कापड बांधायचे, अशी सूचना होती. रिकाम्या रस्त्यांवरून पथके फिरली, लाल कापड दिसले की थांबली आणि दारात लस टोचली. परदेशांतून डॉक्टर आणि परिचारिका मदतीला आल्या होत्या. डिसेंबर संपता संपता लसीकरण ९५ टक्क्यांच्या आसपास पोचले, साथ ओसरली आणि आणीबाणी उठली.

या मोहिमेच्या सूचना, आणि रोजचे रोगी, मृत्यू व लस घेतलेल्यांचे आकडे सरकार कोठे प्रसिद्ध करीत होते? फेसबुकवरच. जे साधन आधी दहा महिने दुसऱ्यांच्या हाती मोकळे सोडले होते, ते आता रोज ठरलेल्या वेळी खरे आकडे सांगू लागले. मोहिमेच्याच सुमारास एका लसविरोधी प्रचारकाला चिथावणीच्या आरोपाखाली अटकही झाली. अटकेने किती लोकांचे मन वळले हे सांगता येत नाही. दारात उभ्या राहिलेल्या परिचारिकेने वळले, एवढे आकड्यांवरून दिसते. या देशाला साथीची आठवणही होती. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ‘तालुने’ नावाचे जहाज ऑकलंडहून इन्फ्ल्युएन्झा घेऊन आपियाला लागले आणि पश्चिम सामोआतली पाचवा हिस्सा लोकसंख्या, सुमारे साडेआठ हजार माणसे मेली. शेजारच्या अमेरिकन सामोआच्या गव्हर्नरने मात्र बिनतारी यंत्रावरच्या बातम्या ऐकून बंदरात जहाजांना अडवले आणि तेथे एकही मृत्यू झाला नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. सप्टेंबर २०१४ मध्ये सीरियातील इदलिब प्रांतात गोवराची लस टोचल्यावर पंधरा बालके दगावली होती. तेथेही पाण्याच्या जागी स्नायू शिथिल करणारे औषधच मिसळले गेले होते. म्हणजे सफोतुची चूक जगाच्या माहितीतली होती. जुलै २०१८ च्या पहिल्या आठवड्यातच कोणी पुढे येऊन ‘असे पूर्वी एकदा घडले आहे, त्या वेळी लस निर्दोष होती, येथेही तेच तपासत आहोत’ असे सांगितले असते तर?

नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली तेव्हा लस शाळांतून टोचली गेली. त्याआधी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, ती गोवा, कर्नाटक, तामिळनाडू येथे सुरू झाली होती आणि कर्नाटक व तामिळनाडूत व्हॉट्सॲपवरच्या संदेशांमुळे अनेक पालकांनी मुलांना त्या दिवशी शाळेत पाठवायचे टाळले होते. आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात, तसेच भिवंडीत गोवराने बालके दगावली, ती मुख्यतः कोविडच्या वर्षांत लसी राहून गेल्यामुळे. पालक शंका घेऊन येतात ते आरोग्यकेंद्राच्या आधी वर्गशिक्षकाकडे. त्यांच्या मोबाइलवर काय आले आहे हे आधी नीट वाचून घ्यावे. बाटलीतली पूड, वेगळ्या बाटलीतले पाणी आणि बाटलीवरची तारीख या तीन गोष्टी परिचारिकेने पालकांसमोर दाखवून मगच टोचायचे ठरवले, तर त्याला दोन मिनिटे लागतात.